तिन्ही पानांच्या तळाशी

पुलाजवळचा दवाखाना
९ जानेवारी

भावजी,

कुशल विचारत नाही. तुमचं बरं चाललंय हे तुमच्या नव्या गाडीवरून दिसतंच. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज वाचून गप्प बसता, म्हणून शेवटी हा कागद. कागद वाचलाच नाही असं म्हणायचं तर निदान तो फाडायचे तरी कष्ट पडतील.

आपल्या वेबसाइटवर माझ्या दवाखान्याचं पान आहे, त्याच्या तळाशी एक चौकट आहे. तीत तुमच्या दादांचा फोटो आहे, खाली चार ओळी आहेत, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'मोठे डॉक्टर स्वतः तपासतात. रविवारीही शस्त्रक्रिया.' तुमच्या दादांना जाऊन वर्ष उलटलं. रविवारी माझा दवाखाना बंद असतो, कारण इथे डॉक्टर म्हणून मी एकटीच आहे आणि माझीही पाठ हाडामांसाचीच आहे.

काल एक बाई पोपट घेऊन आल्या. मी पिंजऱ्याला हात लावला तर म्हणाल्या, "तुम्ही नको, मोठ्या डॉक्टरांनाच दाखवायचंय." मी म्हटलं, "ते नाहीत." तर खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, "मग किती वाजता येतील?" याच खोलीत, याच टेबलावर मी ह्यांच्या शेजारी उभी राहून निम्मं आयुष्य जनावरं कापली आणि शिवली आहेत. ह्यांच्या मरणाची बातमी पोपटवाल्या बाईंना सांगणं हे त्या कामात मोडत नाही.

'तपासतात' हा शब्द आणि रविवारची ओळ माझ्या पानावरून काढा. तुमच्या दोन पानांवर हवं ते ठेवा. मला त्यात रस नाही.

वहिनी


स्टेशनसमोरचा दवाखाना
१५ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. रिसेप्शनवरच्या बाईंना वाटलं कोर्टाची नोटीस आली. आतला मजकूर वाचून माझंही तेच मत झालं.

ज्यातलं कळत नाही त्यावर हुकूम सोडायची तुमची सवय जुनीच आहे, तरी समजावून सांगतो. ती चौकट तुमच्या पानावर नाहीच. ती एका जागी एकदाच लिहून ठेवलेली आहे. पुलाजवळचं पान, स्टेशनचं पान, बाजारातल्या दवाखान्याचं पान, लसीकरणाचं पान, सगळी पानं ती तिथून उचलून दाखवतात. तिथे एक काना बदलला की सगळीकडे बदलतो. दादानेच तसं करून घेतलं होतं. म्हणायचा, "तीन ठिकाणी तीन गोष्टी लिहिल्या, तर लोकांना तिन्ही खोट्या वाटतील."

तेव्हा तुम्हाला रविवारी लोळायचंय म्हणून मी साऱ्या गावाला 'आमच्याकडे शस्त्रक्रिया बंद' असं सांगू का? माझ्या दोन्ही दवाखान्यांत रविवारी सर्जन असतो. तुमच्याकडे नसेल तर दारावर पाटी लावा.

फोटोचं म्हणाल, तर लोक दादाच्या चेहऱ्यावर येतात. माझ्याकडे येतात आणि तुमच्याकडेही येतात. त्याची खुर्ची चालते, त्याचं टेबल चालतं, त्याचे पेशंट चालतात, आणि नेमका चेहरा खुपतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तुम्हाला छान जमतं.

एवढंच असेल तर स्वतःची वेगळी वेबसाइट काढा.

धाकटा


पुलाजवळचा दवाखाना
२ फेब्रुवारी

भावजी,

काल रविवार होता. दाराला कुलूप होतं, पाटीही होती. तुमच्या सांगण्यावरूनच लावली होती, ठसठशीत अक्षरांत. मी धाकट्या बहिणीकडे गेले होते, गावाबाहेर. दुपारी समोरच्या शिंप्याचा फोन आला, की एक गृहस्थ मोठा कुत्रा घेऊन पायरीवर बसलेत, कुत्र्याचं पोट ढोलासारखं झालंय आणि तो नुसतीच कोरडी उलटी काढतोय. मी काय ते समजले. पोटाला पीळ पडला होता. अशा वेळी चाकू लावायला उशीर म्हणजे संपलंच. मी त्यांना फोनवर म्हटलं, "तसेच उठा आणि कालव्यापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात जा." ते म्हणाले, "टेम्पो सोडून दिला हो मी. इथे होईल म्हणून सोडला."

मी पोचले तोवर त्यांनी अंगातला स्वेटर काढून कुत्र्यावर घातला होता. तोंडावरूनसुद्धा.

हे गृहस्थ शिवणयंत्रं दुरुस्त करतात. एकटे राहतात. कुत्र्याचं नाव ढब्बू. मी दार उघडलं, पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. खिशातून चष्मा काढला, लावला, फोनवर आपलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "रविवार लिहिलंय ना, बाई? मी दोनदा वाचलं." मी हो म्हटलं. मग ह्यांच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हे कुठायत?" मी म्हटलं, "हे माझे यजमान. वारले." ते गृहस्थ रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग ते इथे काय करतायत?"

आता तुमच्याबद्दल. ते आधी माझ्याकडे आलेच नव्हते. सकाळी तुमच्या स्टेशनच्या दवाखान्यात गेले होते, घर जवळ म्हणून. तिथे त्यांना सांगण्यात आलं, "आमच्याकडे सर्जन नाहीत. पुलाजवळ जा, तिथे रविवारी करतात, वेबसाइटवर आहे." मी आज तुमच्या रिसेप्शनवरच्या बाईंना फोन केला. तुमचा सर्जन दिवाळखोर दुकानातल्या मालासारखा केव्हाच निघून गेलाय. पावसाळा संपला तेव्हाच. म्हणजे पंधरा जानेवारीला तुम्ही मला 'दोन्ही दवाखान्यांत सर्जन असतो' असं लिहिलंत, तेव्हा तुमच्या दोन्ही टेबलांवर धूळ होती.

रविवारची ओळ तिन्ही ठिकाणी खोटी आहे. खोटं एकदाच लिहायचं आणि सगळीकडे वापरायचं, यात तुमची खरी काटकसर आहे.

वहिनी


स्टेशनसमोरचा दवाखाना
५ फेब्रुवारी

वहिनी,

कुत्र्याचं वाईट वाटलं.

सर्जन गेला हे खरं. कालव्यापलीकडच्या रुग्णालयाने जास्त पगार देऊन पळवला. नवा शोधतोय. शोधतोय म्हणजे आहेच असं मी धरून चाललो, धंद्यात सगळेच धरतात. रिसेप्शनवरच्या बाई नको ते बोलल्या, त्यांना कामावरून कमी केलंय.

तुम्ही मात्र एक सोयीस्कर विसरता. त्या दिवशी तुमच्या दवाखान्याला सर्जन होता. तो बहिणीकडे जेवायला गेला होता. दादा असता तर त्या माणसाला पायरीवर बसावं लागलं नसतं, एवढं तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच एवढी आग.

चौकट नको होती ना? आज सकाळी काढून टाकली. पूर्ण. आता तक्रारीला जागा नाही.

धाकटा


पुलाजवळचा दवाखाना
७ फेब्रुवारी

भावजी,

परवा सकाळपासून माझा फोन वाजला नाही. मला वाटलं, ढब्बूची गोष्ट गावभर झाली आणि लोकांनी पाठ फिरवली. आपण याच लायकीचे, असं स्वतःला म्हणत मी औषधांची कपाटं पुसत बसले. आज पोपटवाल्या बाई आल्या, चिडलेल्या. "तुमच्या नंबरवर फोन केला तर कुणीतरी स्टेशनला या म्हणालं," म्हणाल्या. "मला स्टेशनला यायचं नाही, पोपटाला गाड्यांचा आवाज सोसत नाही."

मग मी वेबसाइट उघडली. चौकट तुम्ही काढली नाहीत. चौकट तिथेच आहे. आत तुम्ही आहात. टाय लावून. खाली तुमचा फोन नंबर, आणि तो माझ्याही पानावर.

मी फोटो काढा असं कुठे लिहिलं होतं? माझं पहिलं पत्र काढून वाचा. 'तपासतात' हा शब्द आणि रविवारची ओळ काढा म्हटलं होतं. 'तपासत' लिहून पुढे एक 'असत' जोडायचं आणि एक ओळ खोडायची, एवढंच काम होतं. तुमच्यामुळे ते सगळ्या पानांवरून एका फटक्यात गेले. लसीकरणाच्या पानावरूनसुद्धा. मी एकेक पान उघडून बघितलं. वेडी आशा असते, की एखादं राहिलं असेल. एकही राहिलेलं नाही.

फोटोखाली ह्यांनी लिहिलेल्या चार ओळी होत्या. त्या मी कधी पूर्ण वाचल्या नव्हत्या. वर फोटो असायचा, माझी नजर खाली जायचीच नाही. आता वाचायला गेले तर तिथे 'आधुनिक सेवा, वाजवी दर' असं आहे.

मी गप्प बसलेली नाही. ज्यांनी ही वेबसाइट बांधली त्या बाईंना जाऊन भेटले. त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या. पहिली, एका पानावरची चौकट बाकीच्यांपासून वेगळी करणं हे त्यांच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुम्ही त्यांना एकदाही विचारलं नव्हतंत. 'तुम्हाला त्यातलं कळत नाही' हे वाक्य तुम्ही आरशासमोर म्हणत जा.

दुसरी, वेबसाइटचा पत्ता ह्यांच्या नावावर आहे. म्हणजे आता माझ्या नावावर. या महिनाअखेर त्याची मुदत संपते. मी हात हलवला नाही तर एके सकाळी तुमचे दोन्ही दवाखाने त्यावरून नाहीसे होतील, टायसकट. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं, हे मला तुम्हीच शिकवलंत.

त्या चार ओळी मला परत हव्या आहेत.

आणि तुमच्या रिसेप्शनवरच्या बाई सोमवारपासून माझ्याकडे कामाला येत आहेत. खरं बोलणारं माणूस मला चालतं.

वहिनी


स्टेशनसमोरचा दवाखाना
१३ फेब्रुवारी

वहिनी,

धमकी मिळाली. दादा असताना तुम्ही अशा नव्हतात. किंवा असाल, तो झाकून घेत असेल.

ओळी पाठवतो. माझ्याकडे कुठे लिहिलेल्या नाहीत, पण पाठ आहेत, कारण मीच टाइप केल्या होत्या. तो रुग्णालयात होता, तोंडावरचा मास्क बाजूला करून एकेक वाक्य सांगायचा आणि परत लावायचा. तुम्ही तेव्हा घरी आंघोळीला गेला होतात.

'जनावराला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. ते सांगता येत नाही म्हणून आपण घाई करायची नाही. आधी हात ठेवायचा, मग बघायचं, मग बोलायचं. मालकाशी खरंच बोलायचं, कारण त्याला घरी जाऊन त्या जनावराच्या डोळ्यांत बघायचं असतं.'

आता ऐकाच. रविवारची ओळ मी घातलेली नाही. तीही त्यानेच सांगितली. तुम्हाला वाटायचं तो रविवारी मित्राकडे पत्ते खेळायला जातो. तो माझ्याकडे यायचा. बाजारातला दवाखाना काढला तेव्हा मला सर्जन परवडत नव्हता, म्हणून रविवारच्या शस्त्रक्रिया तो करायचा. सगळ्या. त्याला आराम सांगितला होता तेव्हाही. "तिला बोलू नकोस," म्हणायचा, "ती मला कोंडून ठेवेल." मी बोललो नाही. रविवारी शस्त्रक्रिया म्हणजे दादा, हे एवढं साधं होतं. ती ओळ पुसायची म्हणजे काय पुसायचं, हे तुम्ही मला पत्रातून शिकवू नका.

तुम्हाला दुखवायला हे लिहिलेलं नाही असं म्हणणार होतो. पण थोडं तसंही आहे.

धाकटा


पुलाजवळचा दवाखाना
२० फेब्रुवारी

भावजी,

पत्ते खेळून आलेल्या माणसाच्या नखांना आयोडीनचा वास येत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे, मला हा वास झोपेतही ओळखता येतो. ते कुठेतरी शस्त्रक्रिया करून येतात हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कुठे, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मला त्यांना थांबवावं लागलं असतं, आणि थांबून ते सुखी झाले नसते. तेव्हा तुम्ही मला दिलेला धक्का तुमच्यापाशीच ठेवा.

पण आजारी माणूस तुमच्या टेबलाशी तासन् तास उभा राहत होता आणि तुम्ही त्याला खुर्ची देण्याऐवजी हातमोजे देत होतात, हे आता तुमच्या अक्षरात माझ्याकडे आहे. यावर मी अजून काही लिहिणार नाही. लिहायला बसले तर हे पत्र संपणार नाही.

ओळी मिळाल्या. कितीदा वाचल्या ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

वेबसाइटच्या पत्त्याची मुदत वाढवली आहे, माझ्या नावाने. वेगळी चौकट करून घेणार होते, पण बेत बदलला. चौकट एकच राहील, तिन्ही दवाखान्यांना, तुमच्या दादांना हवी होती तशी. फक्त ती आता मी लिहीन. किल्ली माझ्याकडे आहे. फोन नंबर ज्या त्या पानावर ज्याचा त्याचा असेल.

आज दुपारपासून चौकटीत हे आहे. वर ह्यांचा फोटो, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष. खाली त्यांच्या चार ओळी. त्याखाली, 'रविवारी आमच्याकडे शस्त्रक्रिया होत नाही. रविवारी जनावर अत्यवस्थ असेल तर आमच्याकडे न येता थेट कालव्यापलीकडच्या रुग्णालयात न्या. तिथे सर्जन असतो.' आणि त्या रुग्णालयाचा नंबर, मोठ्या आकड्यांत.

वहिनी


स्टेशनसमोरचा दवाखाना
२२ फेब्रुवारी

वहिनी,

ज्यांनी माझा सर्जन पळवला त्यांचा नंबर माझ्याच पानावर? मोठ्या आकड्यांत? गिऱ्हाईक हाताला धरून शत्रूच्या दारात नेऊन सोडायचं?

मी वेगळी वेबसाइट करतोय. नवा पत्ता, माझ्या नावावर. तुमची चौकट तुम्हाला लखलाभ.

धाकटा


पुलाजवळचा दवाखाना
२४ फेब्रुवारी

भावजी,

जरूर करा. वेगळी वेबसाइट हा मुळात तुमचाच सल्ला होता.

वहिनी


स्टेशनसमोरचा दवाखाना
१९ मार्च

वहिनी,

नवी वेबसाइट केली होती. सगळं तिथे नेलं, दादाचा फोटो नेला, चार ओळी नेल्या. रविवारचं काहीच लिहिलं नाही. चालू आहे असंही नाही, बंद आहे असंही नाही. वाटलं, गप्प बसलं की खोटं बोलल्यासारखं होत नाही.

गेल्या रविवारी फोन माझ्या घरी वाजला, कारण रिसेप्शनवर अजून कुणी मिळालेलं नाही. एक बाई होती. मांजर व्यायला अडलं होतं, एक पिल्लू अर्धं बाहेर आणि मांजर निपचित. मी म्हटलं, "आमच्याकडे आज सर्जन नाही." ती म्हणाली, "मग कुठे जाऊ ते सांगा." मला कालव्यापलीकडच्या रुग्णालयाचा नंबर ठाऊक नव्हता. ठेवलाच नव्हता, चिडून. तिला थांबा म्हटलं, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मी तुमचं पान उघडून तुमच्या चौकटीतून शत्रूचा नंबर तिला आकडा आकडा करून वाचून दाखवला. तिने लिहून घेतला आणि विचारलं, "हा तुमच्या पानावर का नाही?" तिने उत्तराची वाटही बघितली नाही, फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या रुग्णालयात फोन केला. मांजर आहे. दोन पिल्लं गेली, दोन आहेत. फोन माझ्याच जुन्या सर्जनने घेतला. विचारत होता, वहिनी कशा आहेत. ठीक आहेत म्हणून सांगितलं, मला काय माहीत.

नवी वेबसाइट बंद केली. त्या वेबसाइटवाल्या बाईंना सांगून माझ्या दोन्ही पानांवर परत तुमची चौकट लावून घेतली आहे. आभार मानायला हे पत्र नाही. तुम्हीही मानू नका. तुम्ही माझ्या दादाबद्दल जे लिहिलंत, खुर्ची आणि हातमोजे, ते मी विसरणार नाही, आणि ते खरं आहे म्हणून तर अजिबात विसरणार नाही.

दोन गोष्टी. चौकटीत 'अत्यवस्थ' लिहिलंय, घाबरलेल्या माणसाला तो शब्द वाचता येत नाही. 'फार आजारी' करा. आणि फोन घ्यायला माझ्याकडे माणूस नाही. रिसेप्शनवरच्या बाई परत पाठवता आल्या तर पाठवा.

धाकटा


पुलाजवळचा दवाखाना
२३ मार्च

भावजी,

'फार आजारी' केलं आहे. तिन्ही पानांवर उघडून बघितलं, नीट दिसतंय.

बाई परत मिळणार नाहीत.

वहिनी